फुटबॉल, पेठा आणि थट्टेचे नाते

कोल्हापुरातील फुटबॉलविषयी जे बोलले आणि लिहिले जाते त्यात खेळाडू, चषक आणि अधूनमधून होणारी हुल्लडबाजी यांचाच भरणा असतो. ज्यांच्या जिवावर हा खेळ शहरात उभा आहे ते समर्थक सामना नसताना काय करतात, कशावर हसतात आणि रिकामा वेळ कसा घालवतात, याकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. वास्तविक मैदानावरचा खेळ दीड-दोन तासांत आटोपतो आणि त्याविषयीची बोलणी आठवडाभर पुरतात. म्हणून या शहरातील फुटबॉल समजून घ्यायचा तर गोलांच्या नोंदीइतकेच कट्ट्यावरच्या गप्पांकडेही कान द्यावे लागतात.

या गप्पांची मुळे पेठ आणि तालीम या दोन संस्थांत आहेत. पेठ म्हणजे जुन्या शहरातील वस्तीचा विभाग आणि तालीम म्हणजे मूळची कुस्तीची व्यायामशाळा. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला, 1912 साली खासबागेचे भव्य मैदान उभे राहिले आणि तालीम हे पेठेतील तरुणांचे हक्काचे ठिकाण झाले. पुढे फुटबॉल रुजला तो याच तालमींच्या आधाराने, त्यामुळे शिवाजी पेठेतील खंडोबा तालीम, मंगळवार पेठेतील पाटाकडील तालीम, तसेच दिलबहार, बालगोपाल अशी संघांची नावे आजही ऐकायला आखाड्याची वाटतात. त्यांच्याच जोडीला प्रॅक्टिस क्लबसारखे निखळ इंग्रजी नावही सुखाने नांदते. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेली ‘केएसए’, ही 1940 साली स्थापन झालेली संस्था या संघांची साखळी स्पर्धा भरवते आणि राजर्षी शाहू स्टेडियमवर हंगाम रंगतो. तालीम मंडळ हेच गणपती बसवते, तेच शिवजयंतीची मिरवणूक काढते आणि तेच फुटबॉलचा संघ उतरवते, ही येथील विशेष गोष्ट आहे. साहजिकच, समर्थक संघ निवडतो असे म्हणण्यापेक्षा तो संघात जन्माला येतो असे म्हणणे अधिक बरोबर ठरेल. एखाद्याने दुसऱ्या पेठेत घर बांधले तरी त्याचा संघ बदलत नाही, फक्त शेजाऱ्यांकडून ऐकून घ्यावे लागणारे टोमणे वाढतात.

बोलण्याचा हंगाम खेळाच्या हंगामापूर्वीच सुरू होतो. खेळाडूंची वार्षिक नोंदणी सुरू झाली की कोणता खेळाडू कोणाकडून सही करणार, याच्या वार्ता चहाच्या गाड्यावर फिरू लागतात आणि पेठेतला पोरगा समोरच्या पेठेकडून खेळणार अशी कुणकुण लागली, तर सोयरीक मोडल्यासारखी चर्चा होते. अलीकडे काही संघांत आफ्रिकी खेळाडूही दिसतात. ते पेठेत राहतात, तांबड्या रश्श्याची चव घेतात आणि दोन-तीन महिन्यांत त्यांना ‘भावा’ म्हणून हाक मारली जाऊ लागते. सामन्याच्या आदल्या दिवशी पैजा लागतात, पण त्या बहुधा मिसळीच्या, भेळेच्या किंवा दुधाच्या असतात. येथे दूध कट्टा या खास कोल्हापुरी प्रकाराचा उल्लेख केला पाहिजे. गंगावेशीत म्हशी रस्त्याकडेलाच उभ्या केलेल्या असतात, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढली जाते आणि वर फेस आलेला पेला तिथेच उभ्या उभ्या रिचवला जातो. पेला रिकामा होऊन ओठांवरची पांढरी मिशी पुसली जाईपर्यंत सामन्याचा पूर्वार्ध सांगून झालेला असतो आणि उत्तरार्धासाठी दुसरा पेला मागवला जातो. तो कोणाच्या खर्चाने, हे पैजेवर अवलंबून.

या संभाषणाचा एखादा तुकडा ऐकला तरी त्याची जात कळते. जिंकलेल्या संघाचा समर्थक हरलेल्याला विचारतो, “काय मर्दा, गोली आज जेवून आलता काय?” आणि समोरचा पेला खाली न ठेवता उत्तर देतो, “पंच तुमच्या भावकीतला, मग काय हुणार?” गोली म्हणजे गोलरक्षक आणि भावकी म्हणजे एका कुळातील घरे, हे माहीत नसलेल्या माणसाला हे भांडण वाटेल, प्रत्यक्षात ती विचारपूस असते. पराभवाचे खापर पंचावर, मैदानावरच्या मातीवर, तोंडावर आलेल्या उन्हावर किंवा बारला लागून परत आलेल्या चेंडूवर फोडण्याची हरलेल्या बाजूला मुभा असते आणि ती सबब खोटी आहे हे ठाऊक असूनही जिंकलेल्या बाजूने ती शेवटपर्यंत ऐकून घ्यायची असते. इतका शिष्टाचार भल्याभल्या सभांतूनही पाळला जात नाही.

मानवशास्त्रात या व्यवहाराला एक नाव आहे. ए. आर. रॅडक्लिफ-ब्राऊन या ब्रिटिश मानवशास्त्रज्ञाने 1940 साली लिहिलेल्या निबंधात थट्टेच्या नात्याची मांडणी केली. ज्या नात्यात एकाने दुसऱ्याची चेष्टा करण्यास रूढीची परवानगी असते आणि दुसऱ्याने तिचा राग न मानणे बंधनकारक असते, ते थट्टेचे नाते. ज्यांच्यात जवळीकही आहे आणि संघर्षाची शक्यताही आहे, अशा दोन बाजूंमध्ये ते आढळते, असे त्याचे प्रतिपादन होते. मराठी माणसाला हे समजावून सांगण्याची फारशी गरज नाही, कारण दीर-भावजय आणि मेहुणा-मेहुणी यांच्या चेष्टामस्करीत तो लहानपणापासून हेच पाहत असतो. कोल्हापुरातील पेठांचे संबंध नेमके याच स्वरूपाचे आहेत. मैदानावर त्या एकमेकींच्या हाडवैरिणी असल्या तरी लग्नसंबंधांनी त्या एकमेकींत गुंतलेल्या आहेत. एका पेठेतल्या मुलाचा मामा दुसऱ्या पेठेत असतो, आत्या तिसऱ्या पेठेत दिलेली असते आणि रविवारी गॅलरीत समोरासमोर बसून घसा कोरडा करणारे दोघे सोमवारी एकाच बारशाला जेवायला बसतात. वैर खरे ठेवायचे आणि सोयरीकही टिकवायची, तर विनोदाखेरीज दुसरा मार्ग उरत नाही.

भारतात याला समांतर उदाहरण आहे ते कोलकात्याचे. तेथे 1889 साली स्थापन झालेला मोहन बागान हा मूळच्या पश्चिम बंगाली ‘घोटी’ लोकांचा आणि 1920 साली स्थापन झालेला ईस्ट बंगाल हा पूर्व बंगालातून आलेल्या ‘बांगाल’ लोकांचा संघ मानला जातो. पहिला जिंकला की कोळंबीचा आणि दुसरा जिंकला की हिलसा माशाचा मान, ही तेथील लाडकी समजूत आहे. मात्र कोलकात्यातील विभागणीमागे स्थलांतराचा आणि फाळणीचा इतिहास उभा आहे, तर कोल्हापुरातील विभागणी दोन-चार गल्ल्यांच्या अंतराची आहे, आणि अंतर जितके कमी तितकी थट्टा बारीक व बोचरी होते.

विश्वचषक आला की हीच पेठांची फळी ब्राझील, अर्जेंटिना आणि पोर्तुगाल यांत नव्याने वाटली जाते. 1986 सालचा विश्वचषक दूरदर्शनवर पाहिलेल्या पिढीने मॅराडोनामुळे अर्जेंटिना जवळ केला आणि ब्राझीलचा पिवळा सदरा त्याआधीपासूनच पेलेच्या नावाने पूज्य होता. पुढच्या पिढीने मेस्सी, नेमार आणि रोनाल्डो यांचे उंच कटआउट चौकाचौकांत उभे केले, आणि परदेशी खेळाडूचा चेहरा स्थानिक नेत्यांच्या वाढदिवसाच्या फलकांशेजारी झळकू लागला. 8 जुलै 2014 रोजी जर्मनीने ब्राझीलचा 7-1 असा धुव्वा उडवला, तेव्हापासून ब्राझीलच्या समर्थकाला नुसता ‘सात’ हा आकडा ऐकवला तरी पुरते. 18 डिसेंबर 2022 च्या अंतिम सामन्यात अर्जेंटिना आणि फ्रान्स यांची 3-3 अशी बरोबरी होऊन टायब्रेकरवर अर्जेंटिना विजयी झाला, त्या रात्री मिरजकर तिकटीच्या परिसरात जे घडले ते पाहून एखाद्या परक्या माणसाला ब्यूनस आयर्स कोल्हापूर जिल्ह्यात असल्याची शंका आली असती. तिकटी म्हणजे तीन रस्ते मिळतात ती जागा. विजय कोणाचाही असो, तो साजरा करण्याची जागा ठरलेली असते.

समर्थकांच्या उरलेल्या विरंगुळ्याचा विस्तार फार नाही. गल्लीत चपलांचे गोलपोस्ट मांडून खेळणे, भाड्याच्या टर्फवर रात्री उशिरा पाच-पाच जणांचे सामने लावणे, युरोपीय लीगसाठी जागरण करणे आणि दिवाळीत गडहिंग्लजच्या स्पर्धेला जाऊन तिथल्या खेळाची आपल्या खेळाशी तुलना करणे, एवढ्यात तो आटोपतो. विजयी संघाची हलगी-घुमक्याच्या कडकडाटात निघणारी मिरवणूक हा या सगळ्याचा मुकुटमणी. या फुरसतीत स्त्रियांचा वाटा अजूनही कमी आहे. मुली मैदानात खेळतात, पण कट्टा ही मुख्यत्वे पुरुषांचीच जागा राहिली आहे आणि त्यामुळे शहरातील निम्मी विनोदबुद्धी या चर्चेबाहेर पडते, हे या परंपरेचे मोठेच न्यून म्हणावे लागेल.

दुसरे न्यून अधिक गंभीर आहे. थट्टा अंगावर येऊन हाणामारी होणे, दगड भिरकावले जाणे, पोलीस बंदोबस्त वाढणे आणि त्याची किंमत खेळाला मोजावी लागणे, हे कोल्हापूरने पाहिलेले आहे. याचे खापर केवळ तरुणांच्या गरम डोक्यावर फोडून चालणार नाही. समोरासमोरच्या थट्टेत बोलणाऱ्याला ऐकणाऱ्याचा चेहरा दिसतो, कोठे थांबावे हे कळते आणि चार वडीलधारी माणसे ऐकत असतात. मोबाइलच्या स्टेटसवर टाकलेल्या डिवचणीला यांपैकी कशाचाच लगाम नसतो, आणि वाचणारा मामा आहे की अनोळखी माणूस हेही टाकणाऱ्याला माहीत नसते. नाते सुटले आणि थट्टा तेवढी उरली की ती शिवीच होते. म्हणून बंदोबस्ताबरोबरच कट्टे जागते ठेवणे, दोन्ही बाजूंच्या जुन्या खेळाडूंना त्यांवर एकत्र बसवणे, हा उपाय तालीम मंडळांनी मनावर घेतला तर त्याला खर्च काहीच नाही. फार तर दुधाचे बिल वाढेल.

ज्या श्रोत्यांना कोल्हापूरचा फुटबॉल केवळ बातम्यांतून ठाऊक आहे, त्यांनी हंगामात एकदा तरी शाहू स्टेडियमच्या गॅलरीत जाऊन बसावे. खेळातले बारकावे कळले नाहीत तरी हरकत नाही, ते सांगायला आजूबाजूला माणसे पुष्कळ असतात. मात्र पहिली टाळी वाजवण्यापूर्वी शेजाऱ्याची पेठ कोणती, एवढे अवश्य विचारून घ्यावे.