पत्र कोणाच्या पैशावर चालते?
(माजलगाव येथील व्याख्यानाचा मजकूर)



वृत्तपत्रस्वातंत्र्य म्हटले की बंदी, जप्ती आणि तुरुंग यांचेच चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. ते खरे आहे, परंतु अपुरे आहे. पत्र मुके करण्याचे दोन मार्ग असतात : एक हुकुमाचा, दुसरा हिशेबाचा. सर्बिया आणि बल्गेरिया यांचा अनुभव मराठवाड्याच्या अनुभवाशेजारी ठेवला, तर दोन्ही मार्ग स्पष्ट दिसतात.

या दोन्ही समाजांचा मोठा भाग शतकानुशतके तुर्की साम्राज्याखाली होता. मायबोलीतील पत्र मायभूमीत काढणे दुर्घट, म्हणून दावीदोविच यांचे सर्बियन पत्र १८१३ मध्ये व्हिएन्नात निघाले. बोगोरोव यांचे ‘बल्गेरियन गरुड’ १८४६ मध्ये लाइपझिग येथे, तर कारावेलोव यांचे ‘स्वातंत्र्य’ १८६९ मध्ये बुखारेस्टमध्ये छापले गेले. परमुलखात छापावे आणि अंक स्वदेशी पोहोचवावा, अशी ती परंपरा होती.

माजलगावच्या श्रोत्यांना यात परके काही वाटू नये. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामी राजवटीत होता. साधी सभा भरवायची तर गश्ती निशान ५३ अन्वये परवानगी लागे. आ. कृ. वाघमारे यांनी १९३७ मध्ये ‘मराठवाडा’ सुरू केले. त्यावर बंदी आली, तेव्हा नावे बदलून पत्र चालू ठेवण्यात आले. पुढे अनंत भालेराव यांनी ते नावारूपाला आणले. आणीबाणीत त्यांना कारावास भोगावा लागला. निजाम आणि आणीबाणी या दोहोंना पुरून उरलेले हे पत्र नंतर बंद पडले. म्हणजे हुकुमाशी झुंजण्याचे बळ असले, तरी तेवढ्याने पत्र जगत नाही.

येथे अर्थशास्त्राचा साधा नियम लागू होतो. दैनिकाचा अंक उत्पादनखर्चापेक्षा कमी किमतीत विकला जातो. मधली तूट जाहिरातदार भरून काढतो, आणि जो तूट भरतो त्याचा शब्द संपादकाच्या टेबलापर्यंत पोहोचतो. सरकारी जाहिराती आणि पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या पुरवण्या यांवर पोसलेले पत्र बंदीवाचूनच नरम होते.

बाल्कनमध्ये हेच मोठ्या प्रमाणावर घडले. १९०४ पासून चालत आलेले बेलग्रेडचे ‘पोलितिका’ मिलोशेविच यांच्या काळात सत्तेचे मुखपत्र बनले. जे वाकले नाहीत त्यांच्यावर १९९८ च्या माहिती कायद्यान्वये जबर दंड बसले. असा दंड झालेले संपादक स्लाव्को चुरुविया यांची ११ एप्रिल १९९९ रोजी भर बेलग्रेडमध्ये हत्या झाली. २०२४ मध्ये अपील न्यायालयाने त्या खटल्यातील आरोपींना निर्दोष ठरविले. बल्गेरियात एकपक्षीय राजवट गेली. मग एका जर्मन कंपनीने ‘त्रूद’ आणि ‘२४ चासा’ ही दोन्ही आघाडीची दैनिके घेतली व २०१० मध्ये विकून टाकली. युरोपीय संघाचे सभासद असूनही २०१८ च्या वृत्तपत्रस्वातंत्र्याच्या जागतिक क्रमवारीत बल्गेरिया १११ व्या स्थानी होता. पक्षाची मालकी जाऊन भांडवलाची आली. वाचकाची मात्र कधीच आली नाही.

याची किंमत कोण मोजतो? ज्याच्याजवळ जाहिरातीला पैसा नाही, तो. सिंदफणेच्या खोऱ्यात ऊस पिकतो आणि याच जिल्ह्यातून लाखो माणसे कोयता घेऊन परजिल्ह्यांत जातात. साखरेचे भाव छापून येतात. मुकादमाची उचल आणि फडातल्या बाईचे आजारपण क्वचितच. बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये एका इंग्रजी अर्थविषयक दैनिकाने मांडला, तेव्हा राष्ट्रीय महिला आयोगाने राज्य शासनाला नोटीस दिली आणि शासनाने समिती नेमली. छापील शब्दाचे बळ एवढे मोठे आहे. म्हणूनच तो कोणाच्या हाती आहे, हा प्रश्न कष्टकऱ्यांच्या जीवनमरणाचा ठरतो.

मार्ग नवा नाही. १८७१ मध्ये स्वेतोझार मार्कोविच यांनी बेलग्रेडमध्ये ‘रादेनिक’, म्हणजे ‘कामगार’, हे समाजवादी पत्र काढले. १८७७ मध्ये पुण्यात कृष्णराव भालेकरांनी ‘दीनबंधु’ काढले. पुढे मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी ते चालविले. ही पत्रे गरिबांच्या बाजूने उभी राहिली, पण त्यांना पैशाची चणचण सतत भासली. अशा पत्राची तूट वर्गणीदारानेच भरून काढली पाहिजे. ज्या गावात साखर कारखान्याचे भागभांडवल शेतकऱ्यांच्या पै-पैशातून उभे राहू शकते, तेथे एका साप्ताहिकाचे का राहू नये? वाचक जोवर पत्राचा खर्च उचलत नाही, तोवर पत्राला त्याची बाजू घेण्याचे बंधन नाही.