उशिराचं व्याज कोण भरतं?

(१४ एप्रिलनिमित्त विद्यार्थ्यांच्या अभ्यास मंडळात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



पदवीच्या दुसऱ्या वर्षाला असताना कॉलेजच्या ऑफिसात मला सांगितलं गेलं, "तुमची स्कॉलरशिप आली नाही. फी भरा, मगच परीक्षेचा फॉर्म." आईने बचत गटातून ५,००० रुपये उचलले, महिना दोन टक्क्यांनी. स्कॉलरशिप आली १४ महिन्यांनी. तोवर आईने १,४०० रुपये व्याज भरलं होतं. उशीर सरकारचा आणि व्याज शेतमजूर बाईचं. माझ्या वर्गातल्या एका मैत्रिणीच्या घरी कर्ज काढायलाही कुणी नव्हतं. तिने तो फॉर्म भरलाच नाही. आज मी पीएच.डी. करतेय. आम्हा दोघींत हुशारीचा फरक नव्हता, ५,००० रुपयांचा होता.

ही शिष्यवृत्ती कुठून आली, ते आपल्याला माहीत हवं. १९१३ मध्ये बाबासाहेब कोलंबियाला गेले ते बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर. बदल्यात दहा वर्षं संस्थानची नोकरी करण्याचा करार होता. पुढे १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेल्यावर त्यांनी सरकारला निवेदन दिलं आणि अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणासाठी सरकारी तिजोरीतून पैसा मागितला. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासून सुरू आहे. म्हणजे एका राजाच्या भल्या मनावर जे अवलंबून होतं, ते बाबासाहेबांनी सरकारची जबाबदारी करून ठेवलं. म्हणून कुणी "तुमचं काय, फुकट शिक्षण" म्हणालं, तर मान खाली घालू नका. मी घालायचे. नोटीस बोर्डावर जातीच्या रकान्याखाली नाव लागलं की गर्दी ओसरल्यावर बघायला जायचे.

आता हिशोब बघू. डिसेंबर २०२० मध्ये केंद्राने पाच वर्षांसाठी सुमारे ५९,००० कोटींची योजना मंजूर केली. केंद्राचा वाटा ६० टक्के, राज्यांचा ४०. त्याआधीच्या सूत्रात राज्यांवरचा बोजा वाढत गेला होता. हा बदल चांगलाच झाला. पण हातात काय पडतं? साध्या बी.ए.च्या वसतिगृहात राहणाऱ्या विद्यार्थ्याला २०१० मध्ये महिना ५७० रुपये निर्वाह भत्ता ठरला होता. दहा महिन्यांचे ५,७००. नव्या नियमात वर्षाला ६,०००. दहा वर्षांत वाढ ३०० रुपये! तेवढ्यात मेसचा महिना तरी निघतो का? शिवाय पालकांच्या उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. घरात दोघं मजुरीला गेले तरी ही रेषा जवळ येते.

समाजशास्त्रात आम्ही 'गळती' हा शब्द वापरतो. जणू पोरं आपोआप गळतात! पोरं गळत नाहीत. पैसे वेळेवर येत नाहीत, आणि त्या मधल्या महिन्यांत ती निघून जातात.

तुम्ही बहुतेक जण घरातले पहिले पदवीधर. फॉर्म कसा भरायचा हे सांगणारा मोठा भाऊ आपल्याला नव्हता. आता तो आपणच व्हायचं. गावाकडच्या, वस्तीतल्या पोरांना एवढं सांगा: अर्जाआधी बँक खातं आधारशी जोडून घ्या. उत्पन्नाचा आणि जातीचा दाखला जूनची वाट न बघता काढा. अर्ज भरला म्हणजे काम संपलं असं समजू नका. त्रुटी निघून तो परत आलाय का, हे दर आठवड्याला बघा. कॉलेजने फी मागितली तर पावती घ्या आणि कोणत्या नियमाने मागता ते लेखी मागा. अर्ज अडकला तर समाजकल्याण कार्यालयात माहितीचा अधिकार वापरा. आणि ऑफिसात एकट्याने जाऊ नका, चौघं मिळून जा. एकट्याला उद्या या म्हणतात, चौघांना खुर्ची देतात.

आणि मागणीही करूया. ज्या वर्षाची शिष्यवृत्ती, त्याच वर्षात मिळाली पाहिजे. उशीर झाला तर व्याज सरकारने द्यावं. माझ्या आईचे १,४०० रुपये अजून येणं आहेत.

जय भीम!