सेनेका फॉल्सच्या वाटेवरचे पुतळे

(संघटनेच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



पुतळा म्हटला की आपल्याकडे चौथरा, कठडा, जयंतीला हार आणि वर्षभर कावळे. आज मी सांगणार आहे ते अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यातल्या सेनेका फॉल्स या लहानशा गावाबद्दल. १९ आणि २० जुलै १८४८ ला तिथल्या वेस्लियन चॅपलमध्ये स्त्रियांच्या हक्कांसाठी परिषद भरली. जाहीरनाम्यावर ६८ बायका आणि ३२ पुरुषांनी सह्या केल्या. वर्तमानपत्रांनी टिंगल सुरू केल्यावर काहींनी सह्या मागेही घेतल्या. हे ओळखीचं वाटतंय ना?

आता त्या गावात चालत फिरलं की माणसाच्या उंचीचे ब्राँझचे पुतळे भेटतात. परिषदेच्या स्मारक-केंद्रात वीस जणांचा घोळका उभा आहे. त्यातले नऊ जण नावाचे: एलिझाबेथ केडी स्टँटन, ल्युक्रेशिया मॉट, फ्रेडरिक डग्लस वगैरे. उरलेले अकरा बिननावाचे, नुसते ऐकायला आलेले. सभेआधी सतरंज्या घालणाऱ्या आपल्याला त्यांचं मोल कुणी सांगायला नको. या घोळक्यात मॉटची धाकटी बहीण मार्था राइट आहे. परिषदेच्या वेळी ती गरोदर होती, आणि पुतळ्यातही तिचं पोट दिसतं. पोटुशी बाई सभेला आलीय, एवढंच. मातृदेवता वगैरे काही नाही! असा पुतळा आपण कुठे पाहिलाय?

तळ्याकाठी तिघी रस्त्यात थांबून बोलताहेत. १८५१ साली अमेलिया ब्लूमरने सुझन अँथनीची स्टँटनशी ओळख करून दिली, तो क्षण. आखूड झगा आणि खाली सलवारीसारखी सैल विजार या पोशाखाला ब्लूमरचंच नाव पडलं. त्यावरूनही केवढा गदारोळ झाला होता!

पण १८४८ च्या त्या सभेला एकही काळी स्त्री हजर असल्याची नोंद नाही. डग्लस होते, मताधिकाराच्या ठरावावर सभा अडखळली तेव्हा त्यांनीच जोर लावला. आणि ज्या मूळ रहिवाशांच्या भूमीवर हे गाव वसलं, त्यांच्यात प्रमुख निवडण्याचा आणि काढण्याचा अधिकार कुळातल्या थोरल्या बायकांकडे होता. २०२१ साली गावाने नवा पुतळासमूह बसवला: हॅरिएट टबमन, सोजर्नर ट्रुथ, ओनायडा जमातीच्या लॉरा कॉर्नेलियस केलॉग आणि त्यांच्यासोबत मार्था राइट. राइट १८७५ साली वारली, केलॉगचा जन्म १८८० चा. म्हणजे कधीच न भेटलेल्या बायका इथे सोबत उभ्या केल्या. मला आनंद झाला, आणि थोडं खटकलंही. सभेत ज्यांची जागा रिकामी होती, ती रिकामी होती हेही तिथे दिसायला हवं.

आणखी एक. ते चॅपल पुढे नाटकगृह झालं, मोटारींचं दुकान झालं, चक्क कपडे धुण्याचं दुकानही झालं. १९८० नंतर सरकारने ती जागा जपायला घेतली. त्याच १८४८ साली पुण्यात भिडे वाड्यात सावित्रीबाई आणि जोतिरावांनी मुलींची शाळा काढली. तो वाडाही दुकानांत आणि पडझडीत हरवला. डिसेंबर २०२३ मध्ये तो राष्ट्रीय स्मारकासाठी पाडला. आपल्या निवेदनात मला दोन मागण्या घालायच्या आहेत: पुतळे चौथऱ्यावर न ठेवता जमिनीवर असावेत, आणि शाळेत आलेल्या मुली त्यात असाव्यात. मसुदा दाराजवळच्या टेबलावर ठेवलाय, जाताना सह्या करा.