बधिर बोटांचा प्रश्न

यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातल्या आणि राज्यभरातल्या परीक्षार्थींसाठी आजचा विषय आहे कार्पल टनेल सिंड्रोम.

प्रश्नात बहुधा गरोदर बाई असते, नाहीतर थायरॉईड, मधुमेह किंवा संधिवाताची रुग्ण. रात्री मुंग्यांनी झोपमोड होते, हात झटकला की बरं वाटतं. हे वाचलं की थांबा आणि बोटं मोजा. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू बधिर, पण करंगळी शाबूत? मग मनगटातल्या अरुंद बोगद्यात नऊ स्नायुरज्जूंच्या दाटीत मीडियन नर्व्ह दबली आहे. करंगळी बधिर असेल तर अल्नर नर्व्हचा विचार करा.

माझ्या मते सर्वांत सुंदर खूण तळहाताची. अंगठ्याखालच्या उंचवट्यावरची संवेदना टिकून असते, कारण तिथली शाखा बोगद्याआधीच फुटून वरून जाते. तीही गेली असेल, तर दाब मनगटाच्या वर शोधा. मानेतून कळ उतरत असेल तर मणक्याकडे बघा.

मनगट मिनिटभर वाकवून धरल्यावर मुंग्या आल्या, ती फॅलेन चाचणी; नर्व्हवर टिचकी मारल्यावर आल्या, ती टिनेल. सौम्य आजारात रात्रीचा स्प्लिंट, अंगठ्याचे स्नायू वाळू लागले तर शस्त्रक्रिया.

आणि कापूस वेचणीच्या दिवसांत एखादी मावशी ओपीडीत म्हणाली, "हाताले मुंग्या येतात जी," तर घाईने गोळी लिहून देऊ नका. तिला रात्रीची झोप कशी लागते, ते आधी विचारा.