जवळ म्हणजे किती जवळ?

कॅरमचा खेळ तुमच्या परिचयाचा आहे. पावडर टाकून गुळगुळीत केलेला बोर्ड, स्ट्रायकरला दिलेली टिचकी, सोंगटीवर सोंगटी आपटल्याचा तो टणक आवाज. हल्ली हाच खेळ मुले मोबाइलच्या पडद्यावर खेळतात. तिथेही सोंगट्या आपटतात, आवाज होतो, राणी अचूक पॉकेटात जाते. मुलांना दोहोंत फारसा फरक जाणवत नाही. पण फरक आहे, आणि मोठा आहे. त्यात शाळेतले एक जुने गणित दडलेले आहे. इतकेच नव्हे, तर तेच गणित पुढे आपल्या शेताच्या बांधापर्यंत येऊन पोहोचते. म्हणून त्याविषयी आज चार गोष्टी सांगणार आहे.

असे पाहा, लाकडी सोंगटी दुसरीवर आदळली की ती थांबते किंवा बाजूला जाते. तिला कोणी शिकवावे लागत नाही. एका जागी दोन सोंगट्या मावत नाहीत, हे लाकूडच सांभाळते. पडद्यावर मात्र लाकूड नाही. तिथे आहेत नुसते प्रकाशाचे ठिपके. कंदिलाच्या उजेडात भिंतीवर दोन माणसांच्या सावल्या पडल्या, तर त्या एकमेकींतून खुशाल आरपार जातात ना? पडद्यावरच्या सोंगट्याही तशाच आरपार गेल्या असत्या. मग त्या आपटतात कशा?

उत्तर अगदी साधे आहे. यंत्र अंतर मोजते. प्रत्येक सोंगटीचे केंद्र डाव्या कडेपासून किती ठिपके दूर आणि वरच्या कडेपासून किती ठिपके दूर, असे दोन आकडे यंत्राजवळ असतात. समजा, एक सोंगटी दुसरीपासून ३० ठिपके उजवीकडे आणि ४० ठिपके खाली आहे. मग दोघींच्या केंद्रांमधले सरळ अंतर किती? ३० चा वर्ग ९००, ४० चा वर्ग १६००, बेरीज २५००, आणि तिचे वर्गमूळ ५०. हा आपला पायथागोरसचा सिद्धान्त. आपल्याकडे बौधायनाच्या शुल्बसूत्रांतही आयताच्या कर्णावर ताणलेल्या दोरीच्या रूपाने तो सांगितलेला आहे. आता प्रत्येक सोंगटीची त्रिज्या २६ ठिपके धरली, तर दोन त्रिज्यांची बेरीज ५२ होते. अंतर ५०, बेरीज ५२. म्हणजे सोंगट्या एकमेकींना भिडल्या! लगेच यंत्र त्यांना दूर सारते, त्यांच्या दिशा बदलते आणि आवाज काढते. मौज अशी की, चतुर कार्यक्रम लिहिणारा वर्गमूळसुद्धा काढीत बसत नाही. ५२ चा वर्ग २७०४; २५०० ही संख्या त्याहून लहान आहे, एवढे पाहिले की काम भागले.

ही मोजणी एकदा करून चालत नाही. पुष्कळ पडद्यांवर सेकंदाला ६० चित्रे उमटतात, आणि प्रत्येक चित्राआधी ती करावी लागते. शिवाय ती प्रत्येक जोडीसाठी करायची. कॅरमच्या १९ सोंगट्या आणि १ स्ट्रायकर मिळून २० झाले. संक्रांतीला २० माणसे जमली आणि प्रत्येकाने प्रत्येकाची एकदा भेट घेतली, तर भेटी होतील १९०. तितक्याच या जोड्या. पण वस्तू १००० असल्या, तर जोड्या होतात ४,९९,५००! मग यंत्रही मेटाकुटीला येते. अशा वेळी पडद्याचे चौकोन पाडतात, आणि प्रत्येक वस्तूची तुलना तिच्या चौकोनातल्या व शेजारच्या आठ चौकोनांतल्या वस्तूंशीच करतात. पलीकडच्या वाडीतल्या माणसाला आपला धक्का लागणार नाही, हे सांगायला मोजपट्टी कशाला हवी?

एक खोच मात्र उरतेच. यंत्र सतत पाहत नसते. एक चित्र ते पुढचे चित्र, असे थांबून थांबून पाहते. भिंत २० ठिपके जाड असेल आणि सोंगटी एका चित्रात १०० ठिपके पुढे जात असेल, तर आधी ती भिंतीच्या अलीकडे दिसते आणि नंतर एकदम पलीकडे. मधली टक्कर यंत्राला कळतच नाही! म्हणून वेगवान वस्तूंच्या बाबतीत नुसती जागा न पाहता मधला सगळा मार्ग तपासावा लागतो.

इथवर टकरीची गोष्ट झाली. पण जवळ आल्यावर दूर सारण्याऐवजी यंत्राला चिकटवायलाही सांगता येते. १९६३ साली अमेरिकेत आयव्हन सदरलँड या तरुणाने मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत ‘स्केचपॅड’ या नावाने आपला प्रबंध सादर केला. त्याने पडद्यावर प्रकाशलेखणीने रेषा काढण्याची सोय केली होती. माणसाचा हात कितीही सावरला तरी थोडा हलतोच. तेव्हा त्याने अशी युक्ती केली की, लेखणी आधीच्या एखाद्या बिंदूच्या पुरेशी जवळ आली, की यंत्राने तोच बिंदू नेमका धरावा. आज घरांचे आराखडे आणि जमिनीचे नकाशे काढणारे हीच युक्ती वापरतात. रेषेचे टोक दुसऱ्या टोकाजवळ नेले, की लोहचुंबकाला खिळा चिकटावा तसे ते चिकटते.

आता तुम्ही म्हणाल, ‘पुरेशी जवळ’ म्हणजे किती? खरा प्रश्न हाच आहे! ते यंत्र ठरवीत नाही. तो आकडा कोणीतरी माणूस ठरवून देतो.

खेळात तो थोडा चुकला, तर फार तर एखादी सोंगटी हुकेल. जमिनीच्या नकाशात तसे नाही. आपल्या देशात २००८ पासून भूमी अभिलेखांच्या आधुनिकीकरणाचा कार्यक्रम सुरू झाला, आणि कागदी नकाशे संगणकावर उतरवणे हा त्याचा एक भाग आहे. दोन शेतांमध्ये बांध एकच असतो. पण नकाशा गिरवताना तो कोपरा एकदा या शेतासाठी आणि एकदा त्या शेतासाठी टिपला, तर दोन खुणा नेमक्या एका जागी पडतीलच असे नाही. म्हणून यंत्राला सांगतात, इतक्या अंतराच्या आतले कोपरे एकच समज. हे अंतर फार लहान ठेवले, तर दोन शेतांमध्ये कोणाचीच नसलेली बारीक फट उरते, नाहीतर दोघांचीही ठरणारी पट्टी तयार होते. फार मोठे ठेवले, तर खरोखरच वेगळे असलेले कोपरे एक होतात. नकाशा १ : ५००० प्रमाणाचा असेल, तर ५ मीटर रुंदीची पाणंद कागदावर अवघी १ मिलिमीटर दिसते. चिकटवण्याचे अंतर त्याहून जास्त ठेवले, तर पाणंदीच्या दोन्ही कडा एकमेकींना जाऊन मिळतील आणि नकाशावरून पाणंदच नाहीशी होईल! शेतकरी बंधूंनो, पडद्यावरची रेषा सुबक दिसते म्हणून ती बरोबरच असेल असे धरू नका. ती जागेवरच्या मोजणीशी आणि जुन्या कागदी नकाशाशी पडताळून पाहा, आणि शंका आली तर विचारा.

शिक्षक मित्रांनो, हा धडा शिकवायला संगणक लागत नाही. आलेखाच्या कागदावर बाटलीची दोन सारखी झाकणे ठेवा, केंद्रांमधले आडवे आणि उभे अंतर मोजायला लावा, आणि झाकणे भिडली आहेत की नाही हे न पाहता, गणिताने सांगायला सांगा. नंतर फळ्यावर न थांबता पुढे जा. एका कागदावर लगतची दोन शेते काढा. एका मुलाला पहिले शेत पातळ कागदावर गिरवू द्या, दुसऱ्याला वेगळ्या कागदावर दुसरे. दोन्ही कागद जुळवून खिडकीच्या उजेडात धरा. बांधाच्या दोन रेषा तंतोतंत जुळणार नाहीत. मधली फट मोजून घ्या, आणि मग वर्गाला विचारा की, जवळ म्हणजे किती धरायचे? उत्तर मिलिमीटरमध्ये मागा, आणि तोच आकडा का, याचे कारणही मागा.