हाताने फिरवायचा रेडिओ



आज आपण एका लहानशा वस्तूविषयी बोलणार आहोत. ती वस्तू म्हणजे रेडिओ.

तुम्ही म्हणाल, "रेडिओचं काय एवढं? आता घरोघरी मोबाइल आहे. बातमी हातातच येते." खरे आहे. पण आम्ही तुम्हाला एक विचारतो. पावसाळ्यात वादळ झाले, विजेचा खांब पडला, डीपी जळाली, तर वीज किती वेळ जाते? कधी रात्रभर, कधी दोन-दोन दिवस. तेवढ्यात मोबाइलची बॅटरी उतरते. गावाबाहेरचा टॉवरही विजेवरच चालतो. त्याच्या बॅटऱ्या संपल्या की सगळ्या गावाचे फोन मुके होतात.

२६ जुलै २००५ रोजी मुंबईत असेच झाले. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. उपनगरांत वीज गेली, मोबाइल लागेनात. एवढ्या मोठ्या शहराची ही गत, मग आपल्या वाडीवस्तीची काय कथा?

अशा वेळी उपयोगी पडतो तो हाताने दांडी फिरवून चालणारा रेडिओ. त्याला वीज लागत नाही. दुकानातून सेल आणावे लागत नाहीत. मनगटात बळ आहे तोवर तो बोलतो.

आभाळाकडे पाहून पूर कळत नाही

शिरूर आणि दौंड हे कमी पावसाचे तालुके. मग आपल्याला पुराची धास्ती कशाला? त्याचे कारण नीट समजून घ्या.

पाऊस पडतो सह्याद्रीत. तिकडची धरणे भरतात आणि पाणी सोडावे लागते. खडकवासल्याचे पाणी मुठेतून पुण्यात येते. तेथे मुळा आणि मुठा एक होतात. मुळा-मुठा हवेलीतून दौंड तालुक्यात येते आणि भीमेला मिळते. भीमेवर वर चासकमानचे धरण आहे. ही भीमा शिरूर आणि दौंड यांच्या मधून वाहते. शिरूर गावाजवळून घोड नदी जाते. तिच्यावर वर आंबेगावात डिंभ्याचे धरण आहे, आणि खाली आपल्याच तालुक्यात चिंचणीचे. घोडही पुढे भीमेलाच मिळते.

म्हणजे आपल्या शिवारात ऊन पडलेले असते, आणि नदी मात्र दुथडी वाहते. आपल्या आभाळाकडे पाहून आपला पूर कळत नाही. त्यासाठी वरची बातमीच हवी.

१२ जुलै १९६१ हा दिवस जुनी माणसे विसरली नाहीत. त्या दिवशी पानशेतचे धरण फुटले. मागोमाग खडकवासल्याचेही फुटले. पुण्यात नदीकाठच्या पेठा पाण्यात गेल्या, पूल बुडाले. जे पाणी पुण्यात शिरते, त्याची पुढची वाट आपल्याच बाजूने जाते, हे ध्यानात ठेवा.

आता बातमीत आकडे सांगतात. "खडकवासल्यातून इतके हजार क्युसेक सोडले." "दौंडजवळ भीमेचा विसर्ग इतका झाला." क्युसेक म्हणजे काय? दर सेकंदाला एक घनफूट पाणी. ते साधारण २८ लिटर भरते, म्हणजे जवळजवळ दोन घागरी. दहा हजार क्युसेक म्हटले की दर सेकंदाला वीस हजार घागरी पाणी आले असे समजा.

हे पाणी खडकवासल्याहून दौंडपर्यंत यायला काही तास लागतात. हे तास हीच आपली पुंजी. तेवढ्यात नदीकाठची मोटार वर काढता येते, गुरे सोडता येतात, म्हाताऱ्यांना आणि लेकरांना उंचावर नेता येते. पण बातमी कळली तर! नाही कळली, तर तेच तास झोपेत जातात.

हा रेडिओ चालतो कसा?

सायकलचा डायनॅमो तुम्ही पाहिला आहे. चाक फिरले की दिवा लागतो. या रेडिओतही तसाच लहान डायनॅमो असतो. आपण दांडी फिरवतो, आतली चाके फिरतात, वीज तयार होते आणि लहान बॅटरीत साठते. त्या विजेवर रेडिओ बोलतो.

ट्रेव्हर बेलिस नावाच्या एका इंग्रज माणसाने १९९१ साली किल्लीचा रेडिओ तयार करायला घेतला. आफ्रिकेतल्या खेड्यांत एड्सचा रोग पसरत होता. त्याची माहिती लोकांपर्यंत पोहोचत नव्हती. तेथे वीज नव्हती आणि सेल महाग होते. बेलिसने घड्याळासारखी स्प्रिंग रेडिओला लावली. किल्ली द्यायची आणि ऐकायचे. पुढे असे रेडिओ दक्षिण आफ्रिकेत केपटाउनला तयार होऊ लागले. गरिबाच्या गरजेतून ही वस्तू निघाली आहे.

घेताना काय पाहावे?

पहिली गोष्ट दांडी. ती बळकट हवी. दुकानात स्वतः एक मिनिट फिरवून पाहा. कुरकुरते का? डुगडुगते का? मग घड्याळ लावा आणि रेडिओ किती मिनिटे बोलतो ते मोजा. खोक्यावर काय लिहिले आहे त्यावर जाऊ नका. आपले घड्याळ खोटे बोलत नाही.

दुसरी गोष्ट लहरी. रेडिओवर एफ.एम. हवे, तसेच मध्यम लहरही हवी. एफ.एम.ची लहर साधारण सरळ रेषेत जाते. डोंगर आडवा आला की अडते. शिरूर आणि दौंड पुण्यापासून साठ-सत्तर किलोमीटरच्या पुढे. तेथे पुण्याचे एफ.एम. कधी लागते, कधी नुसते खरखरते. मध्यम लहर जमिनीला धरून लांबवर जाते. पुणे आकाशवाणी १९५३ साली सुरू झाली. मध्यम लहरीवर ती वर्षानुवर्षे ७९२ या आकड्यावर ऐकली गेली आहे. तेव्हा घेण्याआधी शेजाऱ्याचा रेडिओ आपल्या ओसरीवर लावून पाहा. आपल्या गावात जे केंद्र स्वच्छ ऐकू येते, ते ज्यावर लागेल तोच रेडिओ आपला.

एक खूण सांगतो. एफ.एम.साठी तार वर ओढायची असते. मध्यम लहरीसाठी अख्खा रेडिओच हळूहळू फिरवायचा. एका दिशेला आवाज मोठा होतो. आणि रेडिओ चार्जरजवळ ठेवू नका, तेथे तो गुणगुणतो.

तिसरी गोष्ट आवाज. आपल्या घरांवर पत्रे असतात. पाऊस पडू लागला की शेजारी बसलेल्याचे बोलणे ऐकू येत नाही. त्या आवाजावर ऐकू येईल असा रेडिओ हवा.

चौथी गोष्ट दुसरी सोय. आतली बॅटरी चार-सहा वर्षांत थकते. म्हणून साधे सेल घालायला जागा असलेला रेडिओ बरा. वर उन्हावर चालणारी पट्टी असली तर चांगलेच, पण ती लहान असते, हळूहळू भरते. तिच्या एकटीच्या भरवशावर राहू नये.

पाचवी गोष्ट फसगत. काही परदेशी रेडिओंवर हवामानाची वेगळी पट्टी असते आणि तिचे पैसे घेतात. ती पट्टी अमेरिकेतल्या केंद्रांसाठी असते. आपल्याकडे तिच्यावर काही लागत नाही. "यावर मोबाइलही भरतो" असेही सांगतात. भरतो, पण हात दुखेपर्यंत फिरवावे तेव्हा दोन शब्द बोलण्यापुरता. बॅटरीचा दिवा असला तर तो मात्र कामाचा.

आणि एवढे पैसेच नसले तर? तरी हरकत नाही. सेलवर चालणारा साधा ट्रान्झिस्टर घ्या. सेलची जादा जोडी कोरड्या डब्यात ठेवा. रेडिओ वापरात नसेल तेव्हा आतले सेल काढून ठेवा, नाहीतर ते पाझरतात आणि रेडिओ खातात.

घेतला म्हणजे झाले नाही

तहान लागल्यावर विहीर खणून उपयोग नाही. रेडिओ पेटीत कुलूपबंद ठेवला, तर गरजेच्या रात्री तो बोलणार नाही. दर आठवडी बाजाराच्या दिवशी दोन-तीन मिनिटे दांडी फिरवा आणि बातम्या ऐका. केंद्राच्या आकड्यावर नखरंगाचा ठिपका द्या, म्हणजे अंधारात दिव्याच्या उजेडात तो लगेच सापडेल. रेडिओ उंच कोनाड्यात, पिशवीत घालून ठेवा. घरधन्यालाच तो लावता येतो असे नको. आईला, सुनेला, शाळेतल्या पोराला, सगळ्यांना लावता आला पाहिजे. पूर काही घरधनी घरी असताना विचारून येत नाही.

रेडिओ ऐकवतो, आपले म्हणणे मात्र पोहोचवत नाही. मदत मागायची तर फोन चालू असेपर्यंत ११२ हा क्रमांक लावावा. जिल्ह्याच्या आपत्ती कक्षासाठी १०७७ आहे. हे दोन आकडे रेडिओच्या पाठीवर लिहून ठेवा. आता तुम्हाला लिहिता येते.

"ऐकावे जनाचे, करावे मनाचे" अशी म्हण आहे. पुराच्या वेळी ती बाजूला ठेवा. "धरण फुटलं" अशी हूल कोणी उठवली तर धावत सुटू नका, आधी रेडिओ लावा. आणि रेडिओने "नदीकाठ सोडा" म्हटले, तर "आमच्या दारात कधी पाणी आलं नाही" असे म्हणत बसू नका.

शेवटी एक गोष्ट. १९५६ साली पुणे आकाशवाणीवरून एक प्रयोग झाला. पुणे जिल्हा धरून पाच जिल्ह्यांतल्या सुमारे दीडशे गावांत लोक आठवड्यातून दोनदा एकत्र बसत, शेतीचा कार्यक्रम ऐकत आणि मग त्यावर बोलत. त्यांत वाचता येणारे होते, न येणारेही होते. प्रत्येकाच्या घरी रेडिओ नव्हता, पण बातमी सगळ्यांची होती.

आपणही तसे करू. एकेका घराला जमत नसेल, तर दहा घरांनी वर्गणी काढून एक रेडिओ घ्यावा. तो कोणाकडे राहील ते ठरवावे. ज्याच्याकडे रेडिओ, त्याच्यावर जबाबदारी. त्याने ऐकायचे आणि पुढच्या वस्तीला कळवायचे. देवळाची घंटा वाजवा, हाक मारा, पोराला पिटाळा. पण नदीकाठच्या शेवटच्या झोपडीपर्यंत बातमी गेली पाहिजे.

दांडी एकाने फिरवली तरी जीव दहा घरांचा वाचतो. यंदाचा पाऊस सुरू होण्याआधी आपल्या वस्तीत याचा विचार करा, एवढेच आमचे सांगणे आहे.