श्रोत्यांचे बोलणे



नभोवाणीची थोरवी सांगताना तिचा आवाज किती दूर पोचतो, याचाच बहुधा उल्लेख होतो. आवाज पोचल्यानंतर ऐकणारे परस्परांशी काय बोलतात, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो.

आपल्या देशात या प्रश्नाचा पद्धतशीर शोध १९५६ मध्ये घेण्यात आला. कॅनडात १९४१ पासून शेतकऱ्यांची श्रोतृमंडळे चालत असत. त्याच धर्तीवर, युनेस्कोच्या साहाय्याने, आकाशवाणीने पुणे व आसपासच्या पाच जिल्ह्यांतील सुमारे दीडशे खेड्यांत मंडळे स्थापन केली. आठवड्यातून दोनदा, प्रत्येकी अर्ध्या तासाचे, असे वीस कार्यक्रम झाले. ग्रामस्थ एकत्र बसून ऐकत आणि संच बंद झाल्यावर चर्चा करीत. चर्चेचा वृत्तान्त व शंका केंद्राकडे जात. उत्तरे पुढील कार्यक्रमांतून मिळत.

या प्रयोगाचे मूल्यमापन टाटा समाजविज्ञान संस्थेमार्फत पॉल न्यूरथ यांनी केले. मंडळे असलेल्या गावांत लोकांच्या ज्ञानात लक्षणीय भर पडली. ज्या गावांत रेडिओ होता, परंतु मंडळ नव्हते, तेथे ती अल्पच आढळली. म्हणजे केवळ संच पुरवून भागत नाही. ऐकलेले पारखून घेण्यासाठी शेजाऱ्याची साथ लागते.

१९५९ मध्ये ही योजना देशभर नेण्यात आली. परंतु मंडळांची संख्या वाढविणे सोपे असते, त्यांच्या पत्रांना वेळेवर उत्तर देणे कठीण. उत्तर येत नाही असे दिसले, की प्रश्न विचारणारे गप्प होतात.

याहून मूलभूत प्रश्न असा, की त्या बैठकीत बसते कोण? पाटील बोलतो आणि भूमिहीन मजूर दाराशी उभा राहतो, तर त्यास संवाद म्हणता येणार नाही. स्त्रियांचीही हीच कथा. या दृष्टीने आजच्या तेलंगणातील माचनूर गावचे ‘संघम् रेडिओ’ केंद्र मोलाचे वाटते. २००८ मध्ये सुरू झालेले हे केंद्र दलित स्त्रिया चालवितात. बियाणे, पिके, आरोग्य यांविषयी त्या स्वतःच्या बोलीत बोलतात. येथे श्रोता आणि वक्ता यांतील भिंतच उरत नाही.

तेव्हा कार्यक्रमाची आखणी करणाऱ्यांना माझी एवढीच विनंती आहे: निवेदनास जितका वेळ द्याल, तितकीच काळजी प्रश्न ऐकण्याची आणि त्यांना उत्तर देण्याची घ्या. गाव बोलू लागले, तरच प्रसारणाचे सार्थक झाले असे समजावे.